पोरांना जगाचं भान कसं द्यायचं, तेही खान्देशात बसून

शाळेच्या गॅदरिंगला एका पोरीला किमोनो घालायचा, एका पोराला अरबाचा डगला चढवायचा, मागे थर्माकोलची पृथ्वी लटकवायची आणि पाहुण्यांनी माईकवर 'आजचा विद्यार्थी हा जगाचा नागरिक आहे' असं ठोकून द्यायचं, की झालं. करा बाबा, मजा येते, फोटो चांगले येतात, पण त्यातून पोराच्या डोक्यात काही शिरत नाही आणि वागण्यात तर काडीचा फरक पडत नाही. आमच्या ओट्यावर रविवारी सकाळी गल्लीतली पोरं जमतात, तिथे जे करून बघितलं आणि जे खरंच चाललं तेवढंच लिहितोय. आईबाप, ट्यूशनवाले, झेडपीचे गुरुजी, सुट्टीत भाचे सांभाळणारे मामा, कोणालाही जमेल. पैसे जवळपास लागत नाहीत.

माझ्या मते पोरांना दोनच गोष्टी कळायला पाहिजेत. एक, आपलं रोजचं जगणं लांबच्या कुठल्या कुठल्या माणसांशी बांधलेलं आहे. दोन, परका माणूस समोर आला की त्याच्याशी माणसासारखं वागायचं. पहिली सोपी, गंमत म्हणून शिकवता येते. दुसरी अवघड, आणि पहिलीत शंभर मार्क अन् दुसरीत भोपळा अशी माणसं मी भरपूर पाहिलीत, पासपोर्टवर शिक्के असलेली सुद्धा.

कोणी म्हणेल आपण केळीवाले, कपाशीवाले, आपल्याला जगाशी काय घेणं. अहो, रावेर-सावद्याची केळी कंटेनरमध्ये बसून आखातात जाते, तिकडे काही गडबड झाली, माल बंदरात अडकला, की इकडे बागेत भाव पडतो, हे तर पोरं घरात जेवताना ऐकतात. आणि १९३६ साली फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं, तेव्हा अध्यक्ष होते जवाहरलाल नेहरू आणि आपल्या भाषणात ते स्पेनमधल्या यादवी युद्धाबद्दलही बोलले होते. तापीकाठच्या माणसाला असलं कशाला सांगायचं, असं तेव्हा कोणाला वाटलं नाही, मग आता का वाटावं?

ताटापासून सुरू करा

पोरं दहाच्या आतली असतील तर नकाशा आधी काढू नका, आधी जेवायला बसवा. भरीत-भाकरीचा दिवस सगळ्यात भारी. बडगीत, म्हणजे भरीत ठेचायच्या लाकडी भांड्यात, काय काय ठेचलं ते पोरांनाच सांगायला लावायचं आणि एकेक जिन्नस मुळात कुठला ते शोधायचं. वांगं आपल्याकडचंच. मिरची मेक्सिकोच्या बाजूची, पोर्तुगीजांच्या जहाजातून इकडे आली, त्याआधी आपल्याकडे तिखटाला मिरी आणि पिंपळी होती. नंदुरबारकडचं पोर असेल तर हे मानायलाच तयार होणार नाही, कारण त्याने लहानपणापासून मिरचीच्या लाल पथाऱ्या बघितलेल्या असतात, भांडू द्या त्याला, भांडलं की लक्षात राहतं. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला. लसूण मध्य आशियातला. कळण्याच्या भाकरीत ज्वारी आफ्रिकेतली, सुदानकडची, आणि उडीद भारतातला, म्हणजे एकाच भाकरीत दोन खंड. शेवभाजी असेल तर शेवेचा हरभरा तुर्कस्तानच्या बाजूचा. आणि केळी, जिच्यावर आपण एवढा जीव टाकतो, ती मूळची आग्नेय आशिया आणि न्यू गिनीकडची.

हे झालं की मग जगाचा नकाशा भिंतीला लावा, टाचण्या टोचा, प्रत्येक टाचणीपासून आपल्या गावापर्यंत दोरा. पोरं वेडी होतात. पण दोरा बांधून थांबू नका, खरा प्रश्न पुढे आहे: ही मिरची ज्याने पहिल्यांदा शेतात लावून वाढवली तो कोण होता? मेक्सिकोतला कोणीतरी शेतकरी, त्याचं नाव कोणालाच माहीत नाही, आणि आपला ठेचा त्याच्या जिवावर. तिकडे ज्वारी निवडून निवडून चांगली करणारी आफ्रिकेतली एखादी बाई असेल. अशी माणसं पोरांच्या डोळ्यासमोर उभी राहिली पाहिजेत.

इथे एक होतं, घरातली आजी ऐकत असते आणि म्हणते, 'मंग आपलं काही शेच नही का?' तिला उत्तर पोरांकडूनच द्यायला लावा. ज्वारीत उडीद घालून कळणा करायची अक्कल आपली, भरताचं वांगं काड्यांवर भाजायची अक्कल आपली. 'सगळं बाहेरून आलं' हेही खोटं आणि 'सगळं आमच्याकडूनच गेलं' हेही खोटं, पोरांना दोन्हीची सवय लावू नका.

नदी

हे पटकन होतं. पावसाळ्यात तापीवरच्या हतनूर धरणाचे दरवाजे उघडले अशी बातमी आली की पोरांना विचारा, हे पाणी आलं कुठून आणि चाललं कुठे. तापी मध्य प्रदेशात मुलताईला निघते, बऱ्हाणपूरवरून आपल्याकडे येते, पूर्णा तिकडून विदर्भाचं पाणी घेऊन तिला मिळते, मग हतनूरच्या ४१ दरवाजांतून निघून खाली गुजरातेत उकाई धरणात आणि शेवटी सुरतेजवळ समुद्रात. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून सोडलेल्या पाण्याने सुरत बुडालं होतं. तेव्हा आपण नाल्यात जी पिशवी टाकतो ती कोणाच्या दारात जाते, आणि वरच्यांनी काय सोडलं तर ते आपल्या दारात येतं, एवढं बोललं तरी पुरे. देशांच्या सीमेवरच्या नद्यांची भांडणं याच हिशोबाने चालतात, ते मोठं झाल्यावर आपोआप समजेल.

कपाशीची गोष्ट, ही मात्र निवांत सांगा

सहावी-सातवीच्या पुढच्या पोरांसाठी माझी सगळ्यात आवडती गोष्ट हीच. कपाशी वेचायला गेलेल्या पोराला बोंडाचा काटा माहीत असतो, बोटं कशी सोलतात ते माहीत असतं, तिथूनच सुरू करायचं. १८६१ ला अमेरिकेत उत्तर विरुद्ध दक्षिण असं युद्ध पेटलं, भांडणाच्या मुळाशी गुलामगिरी. दक्षिणेकडच्या राज्यांत कपाशी पिकायची आणि ती वेचणारे बहुतेक आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम आणि त्यांची पोरंबाळं, मजुरी शून्य. ती कपाशी जायची इंग्लंडात लँकेशायरच्या गिरण्यांना. युद्धात उत्तरेने दक्षिणेची बंदरं बंद करून टाकली, कापूस थांबला, गिरण्या उपाशी, आणि इंग्रज व्यापारी धावत आले हिंदुस्थानात. इकडे भाव चढले, खान्देशात, वऱ्हाडात शेतकऱ्याच्या हातात पैसा खुळखुळायला लागला, त्याच दशकात रेल्वे पण आली. १८६५ ला युद्ध संपलं, अमेरिकेचा कापूस परत सुरू झाला आणि आपल्याकडचे भाव धाडकन खाली. कर्ज काढून कपाशी लावलेले अडकले.

इथे थांबून पोरांना विचारायचं: तुझ्या खापरपणज्याने त्या वर्षी चांगले पैसे कमावले असतील, ते वाईट झालं का? युद्ध चालू राहावं असं त्याला वाटलं असेल का? बरोबर उत्तर नाहीच, नुसतं बोलू द्या. पोरं इथे जे बोलतात ते ऐकण्यासारखं असतं, एक जण म्हणतो त्याला माहीतच नसेल, दुसरा म्हणतो माहीत नसलं तरी पैसे तर घेतले ना.

आणि मग हा भाग सांगा. कापूस बंद झाल्याने मँचेस्टरचे गिरणी कामगार बेकार झाले, घरात खायला नाही. त्यांना सहज म्हणता आलं असतं की आपल्या सरकारने दक्षिणेची बाजू घ्यावी, कापूस चालू करावा, गुलामांचं गुलाम बघून घेतील. पण १८६२ च्या शेवटी मँचेस्टरच्या कामगारांनी सभा घेऊन अमेरिकेचे अध्यक्ष अब्राहम लिंकन यांना पत्र पाठवलं, की गुलामगिरी संपवायच्या तुमच्या कामाला आमचा पाठिंबा आहे. जानेवारी १८६३ मध्ये लिंकननी त्यांना उत्तर लिहून आभार मानले. सगळ्या कामगारांचं मत तसंच होतं असं नाही, काही ठिकाणी उलटंही होतं, ते पण सांगून टाका, पोरांना गुळगुळीत गोष्टी सांगू नयेत. पण ज्यांना कधी बघितलं नाही, ज्यांची भाषा माहीत नाही, त्यांच्यासाठी उपाशी माणसांनी स्वतःच्या पोटाविरुद्ध सही केली. जगाचा नागरिक म्हणजे काय याचं याहून चांगलं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही.

यावरून आजच्यावर या. आपल्या शेतात वेचणीला कोण येतं? किलोमागे काय देतो? पोराला माहीत नसेल तर घरी विचारून यायला सांगा. घरचे चिडतील थोडे. चिडू द्या.

उधन्याच्या काकांची मुलाखत

आता अवघड भाग. परका माणूस. हे भाषण देऊन शिकवता येत नाही, म्हणून आधी पोराला कळलं पाहिजे की आपण पण कुठेतरी परके आहोत. खान्देशात असं घर सापडणं मुश्किल जिथलं कोणी सुरतला नाही. उधना, लिंबायत, तिकडे गल्ल्याच्या गल्ल्या आपल्या लोकांच्या. काका, मामा, आतेभाऊ जो कोणी असेल तो दिवाळीला आला की पोराला वही घेऊन त्याच्यासमोर बसवा. प्रश्न असे: पहिल्या रात्री कुठे झोपले? खोली द्यायला कोणी नाही म्हटलं का? तिकडचे लोक तुम्हाला काय म्हणून हाक मारायचे? गुजराती कोणी शिकवली? आजारी पडले तेव्हा दवाखान्यात कोण घेऊन गेलं? शेवटचा प्रश्न विसरू नका, कारण त्याच्या उत्तरात बहुतेक वेळा कोणीतरी अनोळखी माणूस असतो, शेजारचा गुजराती नाहीतर ओडिशाचा नाहीतर यूपीचा, आणि काका ज्याने तोपर्यंत नुसते जोक मारले तो एकदम सविस्तर बोलायला लागतो.

मुलाखत झाली की पुढच्या रविवारी उलटं करायचं. आपल्या गावात असे कोण आहेत? फर्निचरचं काम करणारा राजस्थानचा, पाणीपुरीवाला यूपीचा, केळीच्या बागेत झोपडी टाकून राहिलेलं सातपुड्यातलं पावरा कुटुंब, मेंढ्या घेऊन जाणारे ठेलारी. पोराला एकच काम द्या, यातल्या एका माणसाचं खरं नाव, गाव आणि त्याच्या भाषेतला एक शब्द विचारून यायचं. 'ए भैय्या' नाही, नाव. चांगल्या चांगल्या घरातल्या पोरांना हे जड जातं, लाजतात, कारण आजवर त्या माणसाकडे कोणी माणूस म्हणून बघितलंच नसतं. जबरदस्तीने मुलाखत मात्र घ्यायची नाही, तो कामात असेल, त्याला नको असेल, तर राहू द्यायचं. आणि फोटो काढायचे नाहीत, गरीब माणसाबरोबर सेल्फी टाकून लाईक गोळा करणं यात कसलं आलंय नागरिकत्व.

अजिंठ्याला गेलात तर हाच नियम. जळगावहून जवळ, त्यामुळे सहली होतातच. परदेशी पाहुणा दिसला की दहा पोरांचा घोळका 'वन सेल्फी वन सेल्फी' करत मागे लागतो, ते आधी बंद करा. आधी विचारायचं, नाही म्हटलं तर हसून बाजूला व्हायचं. त्यापेक्षा आत चित्रातला निळा रंग दाखवा, त्यासाठी लागणारा लॅपिस लाझुली नावाचा दगड तेव्हा आजच्या अफगाणिस्तानातल्या बदख्शानकडून यायचा. दीड हजार वर्षांपूर्वी कोणीतरी तो इथपर्यंत आणलाच ना.

राईनपाडा

दहा-बारा वर्षांच्या वरच्या पोरांना हे सांगायचंच, टाळू नका. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा, आठवडे बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजातले पाच जण, भिक्षा मागून पोट भरणारे, तिथे आले होते. मुलं पळवणारी टोळी फिरतेय अशी अफवा मोबाईलवर आधीच पसरलेली. जमावाने पाचही जणांना मारून टाकलं. कोणाचंही मूल पळवलेलं नव्हतं.

व्हिडिओ दाखवू नका, कितीही मोठं पोर असलं तरी. नुसतं सांगा, आणि मग त्या जमावातला एकेक माणूस घ्या: ज्याने क्लिप पुढे ढकलली तो, ज्याने पहिली आरोळी मारली तो, ज्याने हात उचलला तो, ज्याने मोबाईल काढून शूट केलं तो, आणि जो कडेला उभा राहून घरी गेला तो. यातलं कोण थांबवू शकलं असतं, आणि कधी? मारहाण सुरू झाल्यावर एकटा माणूस फार काही करू शकत नाही हे पोरं स्वतःच सांगतात. त्याआधी मात्र बरंच करता येतं: त्या माणसांना नाव-गाव विचारणं, मोठ्या माणसाला बोलावणं, ११२ ला फोन लावणं. हे नंबर पोरांच्या तोंडात बसले पाहिजेत, पोलिसांना ११२, आणि खरंच एखाद्या मुलावर संकट दिसलं तर १०९८.

मग क्लिपची गोष्ट. त्या वर्षी देशभर फिरलेल्या मुलं पळवण्याच्या क्लिपांपैकी एक होती मोटरसायकलवाले रस्त्यावरचं मूल उचलून नेतात अशी. ती खरं तर कराचीत बनवलेली जाहिरात होती, मुलांना जपा असं सांगणारी, आणि शेवटी ते मोटरसायकलवाले मूल परत आणून सोडतात आणि पाटी दाखवतात. कोणीतरी तो शेवट कापला. म्हणजे पाकिस्तानातल्या कोणी मुलांच्या भल्यासाठी काही बनवलं आणि ते कापून आपल्याकडे माणसं मारायला वापरलं. अशा बऱ्याच घटना झाल्यावर जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच चॅटला फॉरवर्ड करता येईल असं ठरवलं, आणि जानेवारी २०१९ मध्ये तोच नियम सगळ्या जगाला लावला. पोरांना हे ऐकून धक्का बसतो, की ब्राझीलमधल्या माणसाच्या मोबाईलवरची ती मर्यादा आपल्याकडच्या असल्या प्रकारांमुळे आली.

सराव असा घ्या. प्रत्येकाने घरच्या ग्रुपवरचा एक फॉरवर्ड आणायचा आणि सगळ्यांनी मिळून फाडायचा: कोणी बनवलं, कधीचं आहे, कुठलं आहे, आणि हे बघून मला राग किंवा भीती कशाने आली? फोटो असेल तर गुगल लेन्सवर टाकायचा, पुष्कळदा दुसऱ्याच देशातला, दुसऱ्याच सालचा निघतो. राग येणारा फॉरवर्ड असेल तर निदान एक रात्र हातातच ठेवायचा, हा आमच्या ओट्यावरचा नियम.

मोठी पोरं असतील तर भांडायला लावा

नववीच्या पुढे गोष्टी सांगून भागत नाही, त्यांना वाद घालायचा असतो. नंदुरबार जिल्ह्यातलं, अक्कलकुवा तालुक्यातलं मणिबेली घ्या. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाच्या पाण्यात गेलेलं गाव. त्या धरणाला जागतिक बँकेचं कर्ज होतं, विरोध वाढल्यावर बँकेने १९९१ मध्ये स्वतंत्र समिती नेमली, तिने १९९२ मध्ये पुनर्वसन आणि पर्यावरण दोन्हीवर कडक अहवाल दिला, १९९३ मध्ये भारताने उरलेलं कर्ज घ्यायचं नाही ठरवलं आणि त्याच वर्षी बँकेने लोकांच्या तक्रारी ऐकायला एक तपासणी पॅनेल सुरू केलं. १९९४ मध्ये जगभरच्या संघटनांनी मोठ्या धरणांना कर्ज देण्याविरुद्ध जो जाहीरनामा काढला त्याला नावच मणिबेलीचं दिलं. दोन गट करा, एक विस्थापितांचा, एक कच्छमध्ये त्या धरणाच्या पाण्याची वाट बघणाऱ्यांचा. अर्ध्या तासाने बाजू बदलायच्या. बदलताना सगळे कुरकुरतात, पण बदलल्याशिवाय सोडू नका, सगळा फायदा त्यातच आहे.

हवामानाचं पण असंच करता येतं. भुसावळजवळ दीपनगरला कोळशाची वीज, साक्रीकडे ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या, दोन्ही एका सहलीत दिसतात. पोरं हमखास म्हणतात की दर माणशी हिशोब लावला तर भारताचा कार्बन जगाच्या सरासरीपेक्षा कमी आहे, मग आम्हाला का सांगता. मुद्दा खरा आहे, दाबू नका. फक्त पुढचा प्रश्न टाका: मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत एसी लावून बसलेला आणि त्याच दुपारी केळीचे घड वाहणारा, दोघांचा हिशोब एकच का धरायचा?

करायला काय द्यायचं

रॅली नको. घोषणा देऊन पोरं घसा बसवून घेतात आणि दुसऱ्या दिवशी तोच रॅपर तिथेच. त्यापेक्षा वर्षभर चालेल असं एक काम. आम्हाला सुचलेलं बरं काम म्हणजे काकांच्या ओळखीने सुरतमधल्या एखाद्या शाळेतल्या पोरांशी पोस्टकार्ड लिहिणं, वरच्यांनी नदीचं काय बघितलं ते लिहायचं, खालच्यांनी त्यांचं. हिंदी, गुजराती, मराठी, अहिराणी, काय वाटेल ते मिसळून. दुसरं, ग्रामसभेला पोरांना मागे नेऊन बसवा, मत देता येत नाही पण कोण बोलतं, कोणाला बोलू देत नाहीत, बाया कुठे बसतात, हे वहीत टिपता येतं. लांब कुठे भूकंप झाला, युद्ध झालं आणि पोर विचारतं आपण काय करू शकतो, तर उगाच मोठं मोठं सांगू नका. थोडे पैसे खात्रीच्या ठिकाणी देता येतात, नीट माहिती घेता येते, आणि तिकडच्या लोकांबद्दल घाण जोक आला तर न हसता राहता येतं. एवढंच असतं बऱ्याचदा.

शेवटची अडचण घरातलीच. पोर शिकतं आणि जेवताना नानांना टोकतं, 'नाना, तुम्ही ज्यांना तसलेच म्हणता त्यातल्या किती जणांना ओळखता?' मग नाना चिडतात आणि खापर तुमच्यावर. पोराला आधीच सांगून ठेवा की वाद जिंकायचा नाही, प्रश्न विचारायचा आणि ऐकायचं, नानांच्या जिंदगीत पण परक्याने मदत केल्याची एखादी गोष्ट असतेच, ती काढून घ्यायची. आणि फॅमिली ग्रुपवर नानांची क्लिप खोटी निघाली तर तिथल्या तिथे 'फेक आहे' टाकायचं नाही, शेजारी बसून त्यांच्याच मोबाईलवर शोधून दाखवायचं. चारचौघांत तोंडावर पाडलं तर नाना हट्टाने तीच क्लिप एकेक करून सगळ्या पाहुण्यांना पाठवत बसतील.